‘काही नाही’ म्हणणारी मुलं: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात पाचवी ते आठवीच्या मुलामुलींविषयी पत्रं मागवली होती. बहुतेक पत्रांत एक वाक्य आहेच: शाळेतून आल्यावर "काय झालं आज?" विचारलं की मूल म्हणतं, "काही नाही." चौथीपर्यंत आपण दप्तर भरून देतो, रोज वही बघतो, बाईंना गेटवर गाठून विचारतो. मूल हायस्कूलची पायरी चढलं की "आता मोठा झालास" म्हणून एक क्लास लावून देतो, आणि मग वही उघडतो ती थेट निकालाच्या दिवशी. मूल बोलायचं कमी करतं त्याच सुमाराला आपणही बघायचं कमी करतो. सोलापुरात मी याच वर्गांना गणित शिकवत आले. माझं ठाम मत आहे की या वयात मुलाला घरच्यांची गरज चौथीपेक्षा जास्त असते. फक्त ती तोंडाने मागितली जात नाही.

चार पत्रं घेतली आहेत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

बाई, नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहे. आम्ही घरी तेलुगू बोलतो. मुलगा सातवीत, सेमी इंग्लिशला. चौथीपर्यंत पहिल्या पाचात असायचा. आता घटक चाचणीत गणितात २० पैकी ६. दोन क्लास बदलले. विचारलं की मान खाली घालून बसतो. परवा रागाच्या भरात मी दोन कानाखाली दिल्या. शेजारचे म्हणतात, आठवीपर्यंत कोणाला नापास करत नाहीत, कशाला काळजी करता. सेमी काढून मराठीत घालू का? की होस्टेलला ठेवू? आम्हा नवरा-बायकोला सातवीचं गणित येत नाही. — एक वडील, दत्त नगर

दादा, आधी मारण्याबद्दल. ज्या मुलाला पेपर दाखवल्यावर मार बसतो, तो पुढचा पेपर दाखवत नाही. त्याचं नक्की कुठे अडलंय हे कळायचा तुमच्याकडे तोच एक रस्ता आहे, तो बंद होऊ देऊ नका. आज रात्री त्याच्या आईसमोर त्याला एवढंच सांगा: "मारलं ते चुकलं, परत मारणार नाही." त्याला जोडून "पण तूसुद्धा अभ्यास..." असं काही म्हणू नका. वाक्य तिथेच संपवा.

शेजाऱ्यांची माहिती जुनी आहे. आठवीपर्यंत सरसकट वर चढवण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात होती, ती २०१९ मध्ये बदलली. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल कमी पडलं तर पुन्हा परीक्षेची संधी मिळते, आणि तीतही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. तुमचा मुलगा पुढच्या वर्षी आठवीत जाईल. घाबरून जाऊ नका, पण हे वर्ष वाया घालवायचं नाही.

होस्टेल नको. जे मूल घरात गप्प झालंय ते होस्टेलला जाऊन बोलकं होत नाही, आणि त्याचा कच्चा भाग तिथे तुमच्यापेक्षा बारकाईने कोण बघणार आहे?

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला गणित येत नाही म्हणता, पण पहिल्या कामाला गणित लागत नाही. ती सहा गुणांची उत्तरपत्रिका घ्या आणि त्याच्या शेजारी बसा. समोर नको, शेजारी. प्रत्येक चुकलेल्या गणितापुढे त्यालाच खूण करू द्या. येत होतं पण घाईत चुकलं त्याला एक खूण, प्रश्न काय विचारतोय हेच कळलं नाही त्याला दुसरी, आणि रीतच माहीत नाही त्याला तिसरी. तुम्ही फक्त खुणा मोजायच्या. अशा खुणा मी वर्गात करून घ्यायचे. "याला गणित येत नाही" असं ज्या मुलाबद्दल सगळे म्हणत, त्याच्या निम्म्या खुणा दुसऱ्या प्रकारच्या निघाल्याचं मी अनेकदा पाहिलंय. त्याला गणित येत असतं, प्रश्न वाचता येत नसतो.

तुमच्या घरात ही शक्यता मोठी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली मुलं घरी तेलुगू, गल्लीत मराठी-हिंदी, शाळेत मराठी आणि गणित-विज्ञान इंग्रजीत, असं रोज करतात. त्यांचं मला कौतुक वाटतं, आणि त्यांचं कुठे अडतं तेही मी जवळून पाहिलंय. मराठीत "१२ मधून ५ वजा करा" असं असतं. वाचत जाल तसं लिहीत गेलं की झालं, १२ − ५. इंग्रजीत तेच "सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह" असं येतं. मूल डावीकडून उजवीकडे वाचतं आणि ५ − १२ लिहितं. सहावीला ऋण संख्या शिकून झालेल्या असतात, त्यामुळे उत्तर −७ येतं आणि मुलाला त्यात काहीच खटकत नाही. त्याची वजाबाकी बरोबर असते, पण गुण शून्य मिळतात आणि घरी मार बसतो.

यावर उपाय साधा आहे. बालभारतीचं सातवीचं गणिताचं पुस्तक मराठी माध्यमाचंही आणा. संकेतस्थळावर ते फुकट उतरवता येतं. प्रकरणं तीच, सरावसंचही तेच. दोन्ही पुस्तकं उघडी ठेवून त्याने एकच गणित दोन भाषांत वाचावं आणि मग तुम्हाला तेलुगूत सांगावं. हो, तेलुगूतच. घरात मराठी बोला, इंग्रजी बोला, असा सल्ला तुम्हाला कोणी दिला असेल तर तो सोडून द्या. ज्या भाषेत तुम्ही हिशेब करता त्याच भाषेत त्याचं डोकं सगळ्यात मोकळं चालतं.

तिसऱ्या खुणेची गणितं, म्हणजे रीतच माहीत नाही अशी, बहुतेक अपूर्णांकांची असतील. सातवीच्या पुस्तकात पूर्णांकांचे गुणाकार-भागाकार, मसावि-लसावि आणि परिमेय संख्या सुरुवातीच्या प्रकरणांतच येतात. हे सगळं पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांवर आणि ऋण संख्यांवर उभं आहे. त्याला १/२ + १/३ करायला सांगा. वर एक अधिक एक दोन, खाली दोन अधिक तीन पाच, असं करून त्याने २/५ लिहिलं तर रागावू नका. एक कडक भाकरी घ्या आणि विचारा: अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातला, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून कमीच की. हे त्याला स्वतःला दिसलं की लसावि कशाला काढायचा ते कळतं. तुमच्या आईने त्याला पावु, सगम्, मुप्पावु (पाव, अर्धा, पाऊण) असं मोजायला शिकवलं असेलच. ते अपूर्णांकच आहेत आणि ते त्याला येतात. त्याला फक्त ते सांगायला हवं.

दोन क्लास बदलूनही फरक पडला नाही याचं कारण मला हेच दिसतं. क्लास चालू धड्यामागे धावतो आणि तुमच्या मुलाचं भोक दोन वर्षं मागे आहे. तिसरा क्लास लावू नका. आहे त्या सरांना खुणा केलेला पेपर दाखवा आणि म्हणा, "महिनाभर याच्याकडून पाचवी-सहावीचे अपूर्णांक आणि ऋण संख्या करून घ्या, सातवीचं राहिलं तरी चालेल." नाही म्हणाले तर ते पैसे वाचवा आणि गल्लीतल्या अकरावी-बारावीच्या एखाद्या चांगल्या मुलीला रोज अर्धा तास शिकवायला सांगा.

शाळेतही जा, पण पालकसभेच्या दिवशी नको. त्या दिवशी पन्नास पालक रांगेत असतात आणि तुमच्या मुलाची उणीदुणी सगळ्यांसमोर निघतात. या वयात मुलाला मारापेक्षाही ते जास्त लागतं, कारण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत "काय बे, सहा मार्क!" ऐकायला मिळतं. शिक्षकांची वेळ मागून जा आणि एकच प्रश्न विचारा: कोणत्या इयत्तेचा कोणता भाग कच्चा आहे? "लक्ष नसतं, खोड्या करतो" एवढंच उत्तर मिळालं तर शांतपणे तोच प्रश्न परत विचारा.

सेमी काढायचं की ठेवायचं हे आत्ता, वर्षाच्या मध्ये, ठरवू नका. दुसऱ्या प्रकारच्या खुणा कमी झाल्या तर राहू द्या. तशाच राहिल्या तर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याशी बोलून मराठीत घाला. त्यात कमीपणा नाही. मराठीतून गणित पक्कं केलेली मुलं अकरावीला इंग्रजीत जाऊन टिकतात. इंग्रजीतून कच्चं राहिलेलं गणित मात्र अकरावीत पुरतं उघडं पडतं.

शेवटी एक तपासणी. त्याला मराठीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. फक्त इंग्रजी वाचताना अडखळत असेल तर वरचं सगळं लागू. पण मराठीतही अक्षरं उलटसुलट होत असतील, ओळ सुटत असेल, तोंडी सगळं सांगतो आणि लिहायला बसला की हात थांबतो असं असेल, तर ही अध्ययन अक्षमता असू शकते. तिला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे आणि तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जास्तीचा वेळ आणि इतर सवलती मिळतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जाऊन विचारा. तिथे जाण्याने मुलाला वेड्याचा शिक्का बसतो ही भीती मनातून काढून टाका.

बाई, मी कुंभारीला घरकुलात राहते. विड्या वळते. मुलगी सहावीत आहे, अकरा पूर्ण. दिवाळीनंतर तिला पाळी सुरू झाली. दर महिन्याला चार दिवस शाळेत जात नाही. पोट दुखतं म्हणते, आणि शाळेच्या संडासात पाणी नसतं म्हणते. सासूबाई म्हणतात, एवढ्या लवकर आली म्हणजे काहीतरी बिघाड आहे, घरीच राहू दे. मी काय करू? — एक आई

ताई, अकराव्या वर्षी पाळी येणं हा बिघाड नाही. साधारण दहा ते पंधरा या वयात ती कधीही सुरू होते. आठ वर्षांच्या आधी शरीरात बदल दिसू लागले, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. पहिली एक-दोन वर्षं तारीख पुढेमागे होते, कधी दीड महिन्याने येते, तेही चालतं. सासूबाईंना हे तुम्ही न सांगता डॉक्टरीणबाईंच्या किंवा आशाताईंच्या तोंडून ऐकू द्या. त्यांना सोबत घेऊन जा. त्यांच्या काळात त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. नातीला घरी ठेवा म्हणण्यामागे त्यांची माया आहे, ती माया शाळेकडे वळवता येईल.

शाळेचं मात्र मनावर घ्या. महिन्याला चार दिवस म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षाचे किमान २२० दिवस शाळा भरते. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. सहावीत हे अंगावर येत नाही, आठवीत येतं. आणि मग "हिचं अभ्यासात डोकं चालत नाही" असं म्हणून मुलीची शाळा सुटते. अशा मुली मी पाहिल्यात. त्यांचं डोकं उत्तम चालत होतं, फक्त त्या वर्गात नव्हत्या.

दुखण्याला गरम पाण्याची पिशवी, पोटभर जेवण आणि नेहमीची हालचाल पुरते का ते बघा. दर वेळी उठवतच नसेल, तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल किंवा सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल तर डॉक्टरांकडे न्या आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. सहावीपासून सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देतात. मुली ती खिशात घालून घरी आणतात आणि टाकून देतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर घ्यायला सांगा, आणि तिच्या मागेपुढे तासभर चहा नको. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही, ते गोळीमुळे होतं. घरात बाजरी, हुलगे, पालेभाजी आणि त्यावर लिंबू, हे तुमच्या स्वयंपाकात आहेच. ते तिच्या ताटात शेवटी उरलेलं न येता आधी येऊ द्या.

आता संडास. आपल्याकडे शहराला रोज नळाचं पाणी नाही हे खरं, पण शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असलंच पाहिजे असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे, आणि पाण्याशिवाय स्वच्छतागृह काय कामाचं? सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या बायका. म्हणजे तिथे बसायचा हक्क तुमच्यासारखीचा आहे. एकटीने जाऊ नका. त्याच वर्गातल्या तीन-चार आया मिळून मुख्याध्यापकांकडे जा आणि एकच मागणी करा: मुलींच्या बाजूला पाण्याची टाकी आणि झाकणाचा डबा. ते होईपर्यंत दप्तरात एक बाटली जादा पाणी, दोन पॅड, एक चड्डी आणि कागदी पिशवी राहू द्या. कापड वापरत असाल तर हरकत नाही, पण ते उन्हात वाळलं पाहिजे, कपड्यांखाली लपवून नाही.

तिच्याशी आणखी एक बोलून ठेवा, आणि ते तुम्हीच बोला. अंगाला हात कोणी लावायचा आणि कोणी नाही, नातेवाईक असला तरी. तिने काही सांगितलं तर आधी विश्वास ठेवा, चौकशी नंतर. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो तिला पाठ असू द्या.

जाता जाता: विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण खात्याची शिष्यवृत्ती आहे. तुमचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. भरला नसेल तर शाळेत विचारा.

बाई, मी आठवीत आहे. सातवीपर्यंत गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. आता एसटीने सोलापूरला हायस्कूलला येते. वर्गातल्या मुली माझ्या बोलण्याची नक्कल करतात. डबा एकटीच खाते. सकाळी एसटीत बसलं की पोटात कळ येते, रविवारी येत नाही. घरी सांगितलं तर म्हणतील, एवढं होतंय तर शाळा नको, घरी बस. म्हणून कोणाला सांगितलं नाही. तुम्ही माझं नाव छापू नका.

बाळ, नाव छापलेलं नाही, आणि ज्यावरून तू ओळखू येशील असं सगळं पत्रातून काढलं आहे. तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस.

तुझं पोट खरंच दुखतं. "नाटक करते" असं कोणी म्हटलं तर मानू नकोस. मनावर रोज एकच ताण आला की पोटात खरोखरच कळ येते. ती रविवारी येत नाही हे तू स्वतः ओळखलंस, ते डॉक्टरांनाही असंच सांग. सकाळी एसटी पकडायच्या घाईत काही न खाता निघत असशील तर अर्धी भाकरी तरी खाऊन नीघ, रिकाम्या पोटी कळ वाढते.

घरी सांगायला तू घाबरतेस, कारण शाळा बंद होईल. तुझी भीती मला समजते. म्हणून सांगायची सुरुवात पोटापासून किंवा मुलींपासून करू नकोस. पहिलं वाक्य हे म्हण: "आई, मला शाळा सोडायची नाही." ते तिच्या कानात नीट गेलं की मग सांग: "पण वर्गात मला त्रास होतोय, तू बाईंना भेटायला चल." म्हणजे तू तिच्याकडे तक्रार घेऊन न जाता काम घेऊन गेलीस. बऱ्याच आयांना आपल्या मुलीसाठी नक्की काय करायचं हे कळलं की बळ येतं. आईला वेळ नसेल तर मावशी, काकू, गावातल्या तुझ्या जुन्या गुरुजी-बाई, यांपैकी ज्यांच्यावर तुझा सगळ्यात जास्त विश्वास आहे त्यांना हेच वाक्य सांग.

वर्गशिक्षकांना एकटीने गाठ, सगळ्यांसमोर नको. नावं घेऊन शिक्षा करा असं म्हणू नकोस, त्याने नक्कल वाढते. "माझी जागा बदला" एवढंच माग. कुठे बसायचं ते तू आधीच ठरव. वर्गात एक तरी मुलगी अशी असेल जी हसत नाही, नुसती बघत असते. तिच्या शेजारची जागा माग. तिला पेन माग, गृहपाठ विचार. मैत्रीण हो असं म्हणायची गरज नाही. तुझ्यासारख्याच दुसऱ्या गावांहून एसटीने येणाऱ्या मुली इतर तुकड्यांत असणारच, डबा त्यांच्यासोबत खाता येईल.

बोलणं मात्र बदलू नकोस. वर्गात उत्तर देताना पुस्तकातली भाषा वापर, ती तुला येतेच. घरची बोली तुझी आहे. सोलापुरात कोणीच एका साच्यातलं बोलत नाही. नक्कल करणाऱ्या मुलींच्या घरीही आजी कानडीत नाहीतर तेलुगूत हाक मारत असेल.

नक्कल सोडून कोणी वस्तू हिसकावली, ढकललं, स्टँडवर कोणी मुलगा मागे आला, तर त्याच दिवशी सांगायचं, उद्यावर टाकायचं नाही. घरी "आता लग्नाचं बघू" असं काही सुरू झालं तरीही तसंच. अठराच्या आत मुलीचं लग्न करता येत नाही, आणि १०९८ वर तू स्वतः फोन करू शकतेस. फार उदास वाटलं, झोप लागेना, असं झालं तर १४४१६ वर दिवसरात्र बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणखी एक, कारण तू आठवीत आहेस आणि वेळ निघून जाते. वर्गशिक्षकांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचं विचार. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी ती असते. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि सातवीला ५५ टक्के. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९०. यादीत नाव लागलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये तुझ्या खात्यात येतात. गावाकडच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत आहे. तू पास काढत असशीलच, नसशील तर काढ. घरात "शाळेचा खर्च" हा मुद्दा निघाला तर या दोन गोष्टी तुझ्या हातात असू देत.

तुझ्या पत्रानंतर शिक्षकांसाठी दोन ओळी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. जून-जुलैत आठवीत बाहेरगावाहून आलेली मुलं कोण आहेत याची यादी करा, आणि पहिल्या महिन्यात मधल्या सुट्टीत ती कोणाबरोबर बसतात ते बघा. त्याला ना निधी लागतो, ना परिपत्रक.

बाईंना नमस्कार. मी मंगळवेढ्याला असतो, थोडी शेती आहे. नातू सोलापुरात, जुळे सोलापूर भागात, सातवीत. सुट्टीत येतो तेव्हा दिवसभर मोबाइलात. मुलगा-सून दोघं नोकरीला. मी बोललो की "आजोबा, तुम्हाला काही कळत नाही" म्हणतो. मी गप्प बसावं का? — एक आजोबा

आजोबा, गप्प बसू नका, पण मोबाइलविषयी बोलू नका. त्या विषयावर तो तुमच्यापेक्षा हुशार आहे आणि तेच त्याला दाखवायचं असतं.

मोबाइलचा नियम त्याच्या आई-वडिलांनी करायचा आहे, तेव्हा हे पत्र त्यांना वाचायला द्या. रात्री घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, मोठ्यांचेसुद्धा. या वयाच्या मुलाला नऊ तासांच्या आसपास झोप लागते, आणि उशाशी फोन असला की ती होत नाही. तेरा वर्षांच्या आत इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःचं खातं काढायला त्या कंपन्यांचीच परवानगी नाही, हेही मुलगा-सुनेला माहीत असू द्या. फोन हिसकावून फोडण्यात काही हाशील नाही.

तुमच्याकडे जे आहे ते मात्र जुळे सोलापुरात नाही. या जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची सुट्टी लागली की त्याला बोलवा, तेव्हा मालदांडी ज्वारीचा हुरडा असतो. त्याला फिरायला नेऊ नका, कामाला न्या. कणसं मोजायला लावा, आलेल्या पाहुण्यांचा हिशेब त्याच्याकडे द्या, आणि चुकला तर चारचौघांत न बोलता नंतर बाजूला घेऊन सांगा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कोणीतरी खरं काम विश्वासाने हातात दिलेलं हवं असतं, आणि सध्या ते त्याला फक्त मोबाइलवरच्या खेळातच मिळतं. पहिले दोन दिवस कुरकुर करेल, ती करू द्या. तिसऱ्या दिवशी एखादा प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर थोडक्यात द्या. "आमच्या वेळी" असं म्हणून सुरुवात केलीत तर तो पुन्हा फोन काढेल.